बुडाचा रंग

परवा बाजाराच्या दिवशी कप्तान कोठ्यांच्या गल्लीतून सरळ चालत आले आणि ते पाहून माझ्या हातातला प्रायमरचा डबा सुटून माझ्याच पायावर पडला. अंगठा अजून सुजलेला आहे. बायको म्हणते, धांदरटपणा. तिला काय सांगणार?

बाहेरच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. कोरेगावात आमच्या रंगाच्या दुकानाला लागून एक गल्ली आहे. तिथं धान्य साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या बनवतात. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हातोड्या चालू असतात. आम्ही त्या आवाजातच वाढलो, त्यामुळे तो आम्हाला ऐकूच येत नाही. शुक्रवारी दुपारी सगळे नमाजाला उठले की काहीतरी बंद पडल्यासारखं वाटतं, तेवढंच. एसटी स्टँडवरून माझ्या दुकानाकडे यायचा जवळचा रस्ता तोच. पण ओळख झाल्यापासून कप्तान त्या रस्त्यानं कधी आले नव्हते. ते मागच्या अंगानं, उन्हातान्हात मोठा वळसा घालून यायचे, घामाघूम होऊन. आणि परवा त्या ठणठणाटातून, मेथीची जुडी आणायला निघाल्यासारखे आले, पायरीवर टेकले आणि म्हणाले, "शेट, घराला माराया चुना हाय का चांगला? घरात पावणं हाय. जरा उजाळा द्यावा म्हंतो."

मी आत जाऊन चुना काढून आणला. आनंद झाला होता, आणि भीतीही वाटत होती.

कप्तान हे त्यांचं नाव नव्हे आणि ते कुठल्या जहाजाचे कप्तानही नव्हते. ही पदवी आमच्या बाजारपेठेनं दिलेली. मूळचे म्हसवडच्या पलीकडच्या एका वस्तीवरचे. घराण्यात मेंढरं. बाप-आजे मेंढरांमागं हिंडले, हे मात्र तरुणपणी मुंबईला गेले आणि गोदीत लागले. तिथं काम काय, तर पाण्यात उतरून जहाजांची बुडं खरवडायची. आयुष्य त्यात काढून ते वस्तीवर परतले. डोक्याला लाल मुंडासं, अंगात गोदीतला निळा डगला. चालताना पाय असे फाकून टाकायचे की वाटावं, माण तालुक्याची कोरडी जमीन खालून हलतेय.

पहिली भेट मला चांगली आठवते. दुपारची वेळ. शटर अर्धं ओढून मी एका डब्याचं झाकण बसवत होतो. हातोडीच्या दांड्यानं दोनदा ठोकलं. बाहेरून शटरवर एक टकटक आली. एकच. मी म्हटलं, असेल कुणीतरी. झाकण नीट बसलं नव्हतं, म्हणून पुन्हा दोनदा ठोकलं. पुन्हा बाहेरून एक. मी वाकून बघितलं, तर हे उभे.

"हाय म्या," ते म्हणाले.

"कोण पाहिजे?"

"कोण न्हाई. तुमी इचारलंसा, म्या सांगितलं."

मी काहीच विचारलं नव्हतं. उन्हाचा माणूस दिसतोय, असं म्हणून मी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी तो आधी वर धरून त्याचं बूड बघितलं, मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "नावंच्या बुडाला लावायचा रंग हाय का?"

"नाव कुठं आहे?"

"वस्तीवर."

"म्हसवडला?"

"व्हय. त्यात हसण्यासारकं काय हाय?"

हसण्यासारखं होतं की! माण तालुक्यात पाण्याच्या टँकरना रंग द्यायच्या ऑर्डरी मी घेतलेल्या होत्या. नावेची नव्हती घेतली. पण ते गंभीर होते. फलटण, दहिवडी, सातारा सगळं पालथं घालून ते माझ्याकडे आले होते, कारण साखर कारखान्यांच्या टाक्यांना लागणारे जड रंग मी ठेवतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

तेव्हापासून ते येतच राहिले. त्यांचं येणं म्हणजे आमच्या गल्लीत करमणूक असायची. त्यांना प्रत्येक वस्तूचं बूड बघायची खोड होती. कपाचं, घमेल्याचं, उसाच्या ट्रॉलीचं. माझ्या स्कूटरखाली तर ते रस्त्यात आडवे झाले होते. "वरनं समदं झ्याकपाक असतंय शेट," ते म्हणायचे. "खाली काय चिकटलंय, ते बगावं. माणूस तितंच बुडतो." आमच्याकडे सोयरीक बघायला पाहुणे आले, तेव्हा हे दुकानात बसलेले. त्यांनी पाहुण्यांना बूट काढायला लावून तळवे बघितले. सोयरीक झाली, हे आमचं नशीब.

दुसरी खोड त्याहून विचित्र. कुणी काही दोनदा ठोकलं, की हे एकदा ठोकून उत्तर द्यायचे. न्हाव्यानं कंगवा डबीवर दोनदा आपटला, की हे खुर्चीच्या दांडीवर एक टिचकी मारणार. कंडक्टरनं पंच वाजवला, की हे खिडकीच्या गजावर. पन्हळीतून थेंब पडायला लागले, की यांना बसवत नसे. प्रत्येक दोन थेंबांना एक उत्तर देता देता बिचारे घामाघूम व्हायचे. आमची पोरंटोरं मुद्दाम काउंटरवर वाजवून पळायची आणि मी त्यांना रागवायचो, पण हसूही यायचं. कोठ्यांच्या गल्लीतून ते का येत नाहीत, हे तेव्हा लक्षात आलं. तिथं एवढे लोक एका वेळी हाका मारणार, तर हा माणूस कुणाकुणाला ओ देणार?

भाकरी थापायच्या आवाजाला मात्र ते उत्तर देत नसत. ते मी त्यांच्या घरीच पाहिलं. "त्यो हाताचा आवाज हाय," म्हणाले. "त्यो वरचा."

मला वाटलं होतं, नाव म्हणजे एखादी पडीक डोणी असेल. रंगाचे नमुने घेऊन मी वस्तीवर गेलो, तर घरामागं कडुलिंबाखाली दगडांवर पालथी घातलेली, शिडाची चांगली ऐसपैस नाव. लाकडाची, वर फायबरचा थर. सगळी त्यांनी स्वतः बांधलेली. डोलकाठी भिंतीला उभी. तिच्या सावलीत मेंढरं रवंथ करत बसलेली आणि चहूकडे कुसळं. पाणी म्हणाल, तर रांजणातलं. तेव्हा कृष्णेचं पाणी नुकतंच उचलून माणात यायला लागलं होतं आणि वस्तीच्या खालचा तलाव भरत होता. त्या तलावात त्यांना ती सोडायची होती.

"आवं कप्तान," मी म्हटलं, "गोड्या पाण्यात बुडाला काय चिकटणार? शेवाळ. ते झाडूनं निघतं. हा महागाचा रंग कशाला?"

कारण एव्हाना मी फोन करकरून माहिती काढली होती. समुद्रातल्या नावेच्या बुडाला एक विशेष रंग देतात. त्यात तांब्याचं चूर्ण असतं, डबा उचलतानाच हाताला कळतं. एरवी बुडाला पांढऱ्या टणक शंखांचा थर धरतो, दात उगवल्यासारखा, आणि मग नाव चालत नाही. कुणीतरी खाली जाऊन तो खरवडावा लागतो.

"कोण झाडनार, झाडूनं?" कप्तानांनी विचारलं. "त्याला खाली जावं लागंल न्हवं? माज्या नावंखाली कुनी जायाचं न्हाई. शेवाळासाटीबी न्हाई."

एवढं म्हणून त्यांनी मला तलावावर नेलं. काठाला एका बाभळीला त्यांनी दोर बांधले होते आणि प्रत्येक दोराला पाण्यात एकेक फळी सोडली होती. प्रत्येक फळीला वेगळा रंग. कुठल्या रंगावर काय धरतं, ते बघायचं. ही रीत गोदीतली, म्हणाले. शेवटची फळी कोरी, बिनरंगाची. त्यांनी एकेक वर ओढली. सगळ्यांवर हिरवं बुळबुळीत शेवाळ, कमीजास्त. मग कोरी फळी वर आली.

तिच्यावर शेवाळ नव्हतंच. पांढरे शंख होते. बारीक, टोकदार, दाटीवाटीनं बसलेले. मी बोट लावलं आणि बोट कापलं. वासही आला. मी लहानपणी एकदा अब्बांबरोबर रत्नागिरीला गेलो होतो, त्या धक्क्यावरचा वास. समुद्र तिथून किती लांब, आणि मध्ये सगळा सह्याद्री.

"हे तुम्ही चिकटवलंय," मी म्हटलं. थोडा रागावलोच होतो.

"ओढून बग."

मी ओढून बघितलं. फळीची ढलपी निघाली, शंख निघाला नाही.

"गोड्या पान्यात हे येत न्हाई," कप्तान म्हणाले. "हे संगं आलंय." कुणाच्या संगं, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नाही.

मी त्यांना एकदा सांगलीलाही नेलं होतं. कृष्णेच्या घाटावर एक म्हातारा नावाडी आहे, तो नावेला डांबर फासतो. म्हटलं, बघा, स्वस्तात काम होतंय. कप्तानांनी डांबराकडे बघितलंही नाही. घाटावर पालथ्या घातलेल्या नावांवर ते एकेक करून दोनदा वाजवत गेले आणि कान लावत गेले. "हिच्यात कुनी न्हाई. हिच्यातबी न्हाई." शेवटच्या नावेवर वाजवलं, कान लावला, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग पायातल्या वहाणा काढून त्यांनी तिला हात जोडले. म्हातारा नावाडी आमच्याकडे बघत होता. ती नाव महापुरात फिरलेली, एवढंच तो म्हणाला आणि त्यानं विडी विझवली.

त्यांची हकीगत त्यांनी मला भर दुपारी सांगितली. कडुलिंबाखाली बसून, हातात ते खरवडायचं हत्यार घेऊन. त्याला ते खुरपं म्हणत. गोदीत त्यांच्या जोडीला त्यांचा मेव्हणा होता, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. दोघं माणचे, दोघांनी शेतात खुरपणी केलेली, म्हणून पाण्याखालच्या कामालाही दोघं खुरपणीच म्हणायचे.

"खाली काय बी दिसत न्हाई," ते म्हणाले. "डोळं मिटलं काय न उगाडलं काय, सारकंच. तोंडात हवंची नळी, जहाज डोक्यावर. हातानं चाचपायचं आन खुरपायचं. जोडीदार कुटं हाय, ते कळायचं कसं? तर खुरप्याच्या मुटीनं बुडावर दोनदा वाजवायचं. म्हंजे, हायस का? त्यानं एकदा वाजवायचं. म्हंजे, हाय. तीनदा वाजलं, की वर चल. बास. ह्येवढीच भाषा."

"मग?"

"त्या दिशी जहाजाच्या आत खलाशी गंज झाडत हुतं. हातोड्यांनी. आत ठोकलं की खाली आमाला ऐकू यायचं. ठकठक, ठकठक. म्या म्हटलं, गंज झाडत्यात. माजा वाटा खुरपून झाला, तसा म्या वर आलो. म्हटलं, दाजी दाजी करत यील त्यो मागनं. डेकवर चढलो, बिडी पेटावली. आवाज यीतच हुता खालनं. ठकठक. ठकठक." ते थांबले. खुरप्याची मूठ त्यांनी हातानं पुसली. "आन बगतो तर खलाशी समदं जेवाया बसल्यालं. हातोड्या बाजूला ठिवलेल्या."

कडुलिंबावरचा एक कावळा ओरडत होता. मला वाटलं, याला कुणीतरी गप्प करावं.

"उडी मारली म्या. चाचपत पोचलो तवा थांबलं हुतं. त्याचा दोर सुकाणूत गुतला हुता."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तेवढ्यात बाजूच्या पालथ्या नावेतून दोनदा आवाज आला. लाकूड उन्हानं तडकतं, हे मला माहीत आहे. मेंढराचं शिंगही लागलं असेल. कप्तानांनी खुरपं उलटं धरून जमिनीवर एकदा वाजवलं आणि माझ्याकडे बघितलं. "वरनं दिल्यालं पोचत न्हाई," म्हणाले. "पान्यातनं द्याया पायजे. तवा दिलं न्हाई, म्हनून त्यो इचारायचा थांबत न्हाई."

निघताना त्यांच्या बायकोनं मला ओसरीवर थांबवलं. मी त्यांना वहिनी म्हणतो. ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू, बोलणं थोडं. चहाची बशी माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "भाऊ, समदं मला ठावं हाय. दादा गेला त्याच दिशी त्यांनी मला सांगितलं. म्या त्यास्नी कवा बोल लावला न्हाई. पर आता ही नाव. ती पान्यात गेली की ते खाली उतरनार. उत्तर द्याया. आन उतरलं की वर येनार न्हाईत. माजा भाऊ गेला, आता मालकबी जायाचा."

"त्यांना समजावून सांगा की, वहिनी."

"कुनाचं ऐकत्यात? रंग पसंत पडल्याबिगर नाव पान्यात घालनार न्हाईत, ह्येवढंच हाय. तवर ते जिमिनीवर हायती. भाऊ, तुमी नापसंत पडंल असाच रंग आनत जावा."

मी हो म्हटलं. धंद्यात माणूस चांगला माल शोधतो. मी गिऱ्हाईकाला नावडेल असा माल शोधायला लागलो. आणि खोटं कशाला बोलू, त्यात मी चांगला तयार झालो. फिका रंग, पातळ रंग, जुना झालेला रंग. कप्तान प्रत्येक रंग लाकडाच्या तुकड्याला लावायचे, वाळवायचे, आणि दोनदा वाजवून कान लावायचे.

कडक थराचा एक रंग होता. एकदा बसला की वर्षानुवर्षं हलत नाही. "लय जाड. आवाज मरतो," म्हणून तो गेला. दुसरा नव्या पद्धतीचा, काचेसारखा सुळसुळीत. त्याच्यात विष नाही, पण त्याच्यावर कशाचा पायच ठरत नाही. त्यावरून कप्तानांनी बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा पडला. "ज्याला धरायचंय, त्यो निसटंल की रं गड्या!" मला ते प्रथमच 'रं' म्हणाले, आणि मला गलबलून आलं. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या आणि दोन्ही एका डब्यात मिळत नव्हत्या. खाली कुणाला जायला लागू नये, आणि खालचा आवाज वर आल्याशिवाय राहू नये.

मी आणला नाही, तरी तो रंग त्यांना शेवटी मिळालाच. गोव्याहून ट्रान्स्पोर्टनं परस्पर मागवला. लाल, मऊ, स्वतः झिजणारा. नाव चालली की पाण्याबरोबर तो थोडाथोडा सुटत जातो आणि जे चिकटलं असेल ते घेऊन जातो. कुणी खरवडायला नको. आणि आवाजासाठी त्यांनी स्वतःच तोड काढली. बुडाच्या मधोमध तळहाताएवढी जागा आतून-बाहेरून कोरी ठेवली. वहिनींचा फोन आला, "भाऊ, लावला रंग." आवाजात पाणी होतं. हा रंग लावून नाव फार दिवस कोरडी ठेवता येत नाही, तो मरतो. हे वहिनींनाही ठाऊक झालं होतं आणि मलाही.

मी सकाळीच पोचलो. वस्तीवरची माणसं नाव तलावात सोडून, नारळ फोडून मेंढरांमागं गेली होती. काठावर आम्ही तिघंच. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमी बसा नावंत. उडी माराया लागलं तर धरा." मला पोहता येत नाही. आमच्या घराण्यात पाण्याचा संबंध टर्पेंटाइन सांडल्यावर हात धुण्यापुरता. पण त्या माउलीच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना. मी बसलो.

नाव मात्र देखणी दिसत होती. बुडाचा रंग पाण्याच्या रेषेच्या थोडा वर घेतात, म्हणजे काठाला शेवाळ धरत नाही. आम्ही दोघं बसल्यावरही लाल पट्टी चार बोटं पाण्याच्या वर राहिली होती. मी वाकून ती मुद्दाम बघितली. आपल्या दुकानातला नसला तरी रंग तो रंग.

कप्तानांनी शीड सोडलं. वारा होता. नाव सरसर निघाली आणि मी आयतलकुर्सी, संकटात म्हणायची ती कुराणातली आयत, म्हणायला लागलो. कप्तानांचा चेहरा असा, की ते कितीतरी वर्षांनी घरी चालले असावेत. तलावाच्या मध्यावर आलो आणि वारा पडला. शीड लोंबलं. पाणी तेलासारखं सपाट झालं. काठावरच्या वहिनी हिरव्या ठिपक्याएवढ्या दिसत होत्या.

मग आवाज आला. मी तो कानांनी नाही ऐकला, तळपायांनी ऐकला. दोनदा. खालून. लाकूड तडकल्याचा नव्हे, शिंगाचा नव्हे. कुणीतरी मुठीनं, घाई न करता, विचारल्यासारखं वाजवलं होतं.

मी झडप घालून कप्तानांचा डगला धरला, दोन्ही हातांनी.

"आयकलंस?" ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तूबी आयकलंस न्हवं?"

"ऐकलं. कप्तान, अल्लाची शपथ, उडी मारू नका."

"सोड गड्या. म्या न्हाई जात." त्यांनी माझे हात हळूच सोडवले. "म्या खाली गेलो तर त्याला वर कोन आननार?"

त्यांनी पायाखालची फळी उचलली. खाली कोरी ठेवलेली जागा होती. ते गुडघ्यांवर बसले आणि खुरप्याच्या मुठीनं एकदा वाजवलं. हाय. आणि तिथंच लाकडाला कपाळ टेकून राहिले. खांदे हलत होते. मला वाटलं, झालं, एवढ्यासाठीच हा माणूस जगला. पण त्यांनी पुन्हा खुरपं उचललं आणि तीनदा वाजवलं. सावकाश, स्पष्ट. वर चल.

बराच वेळ काहीच झालं नाही. एक पाणकोंबडी लांबवर बुडी मारून वर आली. मग नाव एका अंगाला कलली. आम्ही दोघंही हललो नव्हतो. कप्तान मध्ये गुडघ्यांवर, मी मागं डोलकाठीला मिठी मारून. नाव कलतच गेली, डावा काठ पाण्याला टेकला, क्षणभर तशीच राहिली, आणि मग पुन्हा सरळ झाली. समोरच्या रिकाम्या फळीवर लाकूड काळं पडत गेलं, ओलं झाल्यासारखं. तिथून थेंब गळायला लागले. रत्नागिरीच्या धक्क्याचा वास आला. थेंब दोन-दोन पडत होते, आणि कप्तानांनी त्यांना उत्तर दिलं नाही.

वारा पुन्हा सुटला. नाव वळली, पण येताना आली होती तशी नाही. जड, उसानं भरलेल्या गाडीसारखी. कप्तान सुकाणू धरून समोरच्या फळीकडे बघत होते आणि हळू आवाजात माणच्या पावसापाण्याचं, मेंढरांचं, कुणाकुणाच्या लग्नांचं सांगत होते. मी कुठं बघावं ते न कळून काठावरून खाली वाकलो. लाल पट्टी दिसत नव्हती. ती पाण्याखाली गेली होती.

वहिनी गुडघाभर पाण्यात येऊन उभ्या होत्या. आधी त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, नखशिखांत, कोरडा आहे ना म्हणून. मग कप्तान उतरले. मागोमाग मी उतरलो. उतरलो कसला, पडलो. नाव थोडीशी उचलली गेली, पण लाल पट्टी वर आली नाही. मोकळी नाव, आणि बूड भरल्यासारखं खाली. वहिनींनी ते बघितलं. मग समोरच्या फळीकडे बघितलं. त्या मागं सरल्या नाहीत. पदर सावरून त्या पुढं झाल्या आणि त्यांनी हात पुढं केला.

"ये दादा," त्या म्हणाल्या. "दार उगडंच ठिवलंय."

त्यांचा हात खाली ओढला गेला, वजन पेलल्यासारखा. दुसऱ्या हातानं त्यांनी नवऱ्याचा खांदा धरला. नाव हेलकावली, आणि लाल पट्टी पाण्यातून वीतभर वर आली.